काकूंचा सहा बाय सहा

दवाखान्याच्या दफ्तरी असलेल्या माहितीनुसार सदर इसम पुरुष, विवाहित, बांधा मध्यम, हुद्दा दृष्टितपासनीस, वर्तन समाधानकारक, शिस्तभंगाची कारवाई निरंक. ओळखीची खूण म्हणून ‘समोरच्याचा एक डोळा झाकण्याची सवय’ अशी नोंद कुणीतरी गमतीनं केली होती. पुढच्या प्रत्येक कारकुनानं ती इमानेइतबारे उतरवून घेतली.

लोक त्यांना काका म्हणत. लांबट, अंधाऱ्या खोलीच्या एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला खुर्ची, आणि तक्त्याशेजारी छडी घेऊन काका. माणूस कुठवर वाचतो ते बघायचं आणि आकडा लिहायचा. शेवटची ओळ वाचली की सहा बाय सहा, म्हणजे नजर शाबूत. खोटा आकडा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. लायसन्ससाठी गयावया करणाऱ्या ड्रायव्हरलाही ‘आधी चष्मा, मग गाडी’ म्हणून त्यांनी वाटेला लावलं होतं.

मग डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरचा मासिक अहवाल सुरू केला. ज्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत अशांची नावं तो वेगळी काढी. पहिल्याच महिन्यात एक नाव निघालं. मोतीबिंदू चांगलाच पिकलेला, नजर सहा बाय सहा. पेशंट काकांची बायको, तपासणारे काका.

डॉक्टर काकांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं.

“काका, एवढ्या धुरकट भिंगातून शेवटची ओळ नाही दिसत कुणाला.”

“तिला दिसते. घडाघडा वाचते.”

“घरच्या माणसाला मार्क जरा सढळ हातानं नाही ना पडले?”

काकांचा चेहरा उतरला. आयुष्यभराच्या आकड्यांवर एका आकड्यानं बोळा फिरत होता. “उद्या तिला आणतो,” ते म्हणाले. “तुमच्यासमोर तपासतो.”

दुसऱ्या दिवशी काकू खुर्चीत बसल्या, डॉक्टर त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. एक डोळा झाकून काकूंनी शेवटची ओळ एका दमात म्हटली. काकांनी डॉक्टरांकडे विजयी नजर टाकली.

“आता उजवीकडून वाचायला सांगा,” डॉक्टर म्हणाल्या.

काकू थबकल्या. त्यांचे ओठ हलू लागले. डावीकडून पुटपुटत त्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचत, ते मोठ्यानं सांगत, आणि पुढच्या अक्षरासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

“अगं, वाचतेयस की पाढे म्हणतेयस?”

“लग्न झाल्या झाल्या हाच तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे कुणी लावला होता, स्वतःच्या सरावासाठी म्हणून? चुलीशी उभी राहून दुसरं काय वाचणार होते मी?”

“पण दिसत नाही हे सांगायचंस तरी.”

“दिसतं का, असं विचारलंत कधी? ‘वाच’ म्हणालात, वाचलं. शिवाय ऑपरेशन झालं की स्वयंपाक तुमच्याकडे. त्यापेक्षा माझा मोतीबिंदू परवडला.”

डॉक्टरांना एकदम खोकला आला. तो आवरल्यावर त्या म्हणाल्या, “माफ करा काका. मार्क खरेच होते. फक्त पाठांतराचे होते.”

नव्या तक्त्यावर काकूंना वरच्या दोनच ओळी दिसल्या. नावाला बट्टा लागला नाही याचा आनंद काकांना तेवढ्या दोन ओळी पुरला. रोज समोर बसून जेवणारी बाई आपल्याला अंदाजानं ओळखते आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी स्वतःच ऑपरेशनची लवकरातली लवकर तारीख मागून घेतली.

ऑपरेशन छान झालं. पुढचे काही आठवडे स्वयंपाक काकांनी केला. काकूंनी तो डोळे मिटून खाल्ला. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं.

यथावकाश परिपत्रक निघालं: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, तपासनिसाने स्वतःच्या नातेवाइकांची दृष्टी तपासू नये. तसेच तक्ते वेळोवेळी बदलण्यात यावेत.’ काकांनी त्यावर पहिली सही केली.

त्या संध्याकाळी काकांनी निवडून ठेवलेले तांदूळ काकूंनी पुन्हा निवडले. बरेच खडे निघाले.