प्रागहून आणलेलं वाण

शालूबाई आयुष्यात खोटं बोलल्या ते सहाच दिवस, आणि तेही युरोपात. एरवी बदनापूरच्या तहसील कचेरीत कुणालाही विचारून बघा. उत्पन्नाच्या दाखल्यात आकडा जरा खाली घ्या म्हणून भलेभले त्यांच्या टेबलापुढं हात जोडायचे आणि ही बाई चष्म्यावरून नुसती बघायची. तेवढं बघणं पुरायचं. एकोणतिसाव्या वर्षी नवरा अपघातात गेला, त्याच्या जागेवर अनुकंपेनं लागल्या आणि अव्वल कारकून होऊन निवृत्त झाल्या. मूलबाळ नाही. आपलं म्हणावं असं एकच माणूस, शाळेपासूनची मैत्रीण बेबीनंदा.

बेबीला भोकरदनजवळच्या एका वाडीत दिलेली. नवरा पुंजाराम, मोसंबीची बाग असलेला, दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप झालं असा अबोल गडी. शालूबाईंचा नवरा गेला त्या साली संक्रांतीला घरोघर हळदीकुंकवं झाली आणि सगळ्या बाया त्यांच्या दारावरून तशाच पुढं गेल्या. रीतच ती, कुणाला काय म्हणायचं? मला विचाराल तर रीतच वाईट, पण आपल्याला विचारतो कोण! दुसऱ्या दिवशी कर होती. करीला शहाणं माणूस प्रवासाला निघत नाही. बेबी मात्र दोन एसट्या बदलून बदनापूरला आली आणि तिळगुळानं भरलेली स्टीलची वाटी शालूबाईंच्या हातात ठेवली. म्हणाली, हे तुझं वाण, उरलेलं न्हाई, तुझं म्हणून आधीच येगळं काढल्तं.

तेव्हापासून तीस वर्षं करीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं बेबी येणार म्हणजे येणार. कधी वाटी, कधी कंगवा, कधी चहाची गाळणी. त्या वस्तूंनी शालूबाईंचं एक फडताळ भरलंय. त्यातली एकही वस्तू त्यांनी कधी वापरली नाही.

युरोपचं खूळ शालूबाईंचंच. निवृत्त झाल्यावर एकदा तरी बर्फ बघायचा, जुनी शहरं पायी हिंडायची, असं त्यांच्या मनात होतं. पण एकटीनं कसं जायचं? बेबी म्हणाली, मी येते. आणि पुंजारामनं त्या दिवशी जन्मातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "जा. शालूबाई एकटी कशी हिंडंल परक्या मुलखात? बारा दिवसांत बाग काय सुकून जात न्हाई." सून आकांक्षानं बॅग भरून दिली, मुलगा ऋषी गाडीनं मुंबईला सोडून आला, आणि डिसेंबरच्या ऐन थंडीत संभाजीनगरच्या एका टूर कंपनीच्या तीस माणसांबरोबर दोघी पॅरिसला उतरल्या.

बेबीचा थाट बघण्यासारखा होता. नऊवारीवर सुनेचं जॅकेट, कानाला मफलर, पायात ऋषीचे बूट, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आयफेल टॉवर खालून वर न्याहाळून ती म्हणाली, एवढं लोखंड उभं केलं तर वर पाण्याची टाकी तरी बसवायची. सगळी बस हसली. कुठल्याही हॉटेलात ती डब्यातली जवसाची चटणी काढून पावाला लावायची आणि शेजारच्या गोऱ्यांनाही वाढायला जायची. शालूबाई वरवर रागवायच्या, पण इतक्या सुखात त्या तीस वर्षांत कधी नव्हत्या.

फोन एकट्या शालूबाईंच्याच मोबाईलवर लागायचा, परदेशाचं कार्ड त्यात होतं. रोज सकाळी पुंजारामचा फोन यायचा. जेवलीस का, एवढं विचारायचा आणि ठेवून द्यायचा. बेबी म्हणायची, यवढ्यासाठी इतका खर्चा करून राह्यले हे.

सहाव्या दिवशी व्हिएन्नात नाश्त्याच्या वेळेला फोन वाजला. पण आवाज ऋषीचा होता. शालूबाई उठून बाहेर दारापाशी गेल्या. बागेला पाणी देता देता पुंजाराम बांधावर बसला तो बसलाच. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. ऋषीला पुढं बोलता येईना, म्हणून त्याचे चुलते कचरू यांनी फोन घेतला. "शालूबाई, अग्नी तर आज द्यावाच लागंल. ती निघाली तरी तोंड दिसायचं न्हाई. तिला बीपी हाय. तिकडं काय झालं तर तुम्ही एकल्या काय करसाल? घरी येईस्तोवर सांगू नका."

टूरबरोबर आलेल्या पायलला शालूबाईंनी सगळं सांगितलं. पोरगी गुणाची. तिनं लगेच दोन-चार फोन केले आणि परवाच्या विमानात दोन जागा मिळतील म्हणाली. निघालात तर चौथ्या दिवशी घरी पोचाल, ठरवा, पण जल्दी ठरवा.

शालूबाईंनी काचेतून आत पाहिलं. बेबी एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईला आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या दाखवत होती. ती म्हातारी एकेक बांगडी वर सरकवून निरखत होती, आणि बेबीचं तोंड कौतुकानं फुललं होतं. शालूबाईंना त्यांचा स्वतःचा तो दिवस आठवला. दोन बायांनी धरलेली मनगटं, पाट्याच्या कडेवर फुटलेला चुडा, आणि कपाळ पुसणारा कुणाचा तरी ओला पदर. ते तर हिलाही चुकत नाही. मग अजून सहा दिवस राहू दे की! त्या पायलला म्हणाल्या, नको, तिकिटं नका काढू. ठरवलं ते त्यांनी एकटीनं. ज्या बाईच्या जन्माचा प्रश्न होता ती आत बांगड्या दाखवत होती.

त्या दिवसापासून जन्मभर खरं बोललेल्या बाईनं असं काही खोटं बोलायला सुरुवात केली की विचारू नका. पुंजारामचा फोन विहिरीत पडला. नवा आणलाय पण चालत नाही. आत्ताच ऋषीशी बोलले, सगळं बराबर आहे, भाऊजी बागेत आहेत. बेबी हसून म्हणायची, पडणारच फोन, खिशाला गुंडी लावत न्हाईत. आणि मग विचारायची, "पण जेवलीस का म्हणून इचारलं का त्यांनी?" शालूबाई हो म्हणायच्या आणि तोंड फिरवून खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसायच्या. रडायची सोय नव्हती. खोली एकच, बसमधली सीटही शेजारची. डोळ्याला पाणी आलंच तर थंडीवर ढकलायचं.

प्रागला चौकात एक जुनं घड्याळ आहे. तास भरला की त्यावरचा हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो. शेकडो माणसं माना वर करून उभी असतात. बेबीला हसू आवरेना. यमाला पण नोकरीला लावलंय यांनी, म्हणाली, आणि फोटो काढ म्हणून त्याच्या खाली जाऊन उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर, तोंडभर हसू. शालूबाईंनी फोटो काढला.

तिथंच नाताळचा बाजार भरला होता. एका टपरीवर बोटभर उंचीच्या पितळी घंट्या होत्या, लाल फितीत ओवलेल्या. बेबी तिथून हलेना. औंदाचं संक्रांतीचं वाण हेच, गावातल्या बाया तोंडात बोट घालतील. शालूबाई म्हणाल्या, बेबे, जड होईल, बॅगेत जागा नाही, मुंबईत घेऊ. पण ही कुठली ऐकायला! खुणांनीच घासाघीस करून तिनं चाळीस सवाष्णींसाठी चाळीस घंट्या घेतल्या. मग एक्केचाळिसावी मागून घेतली आणि पहिल्यांदा तीच शालूबाईंच्या हातात ठेवली. "हे तुझं. तीस वर्षं तुला सगळ्यांच्या मागून दिलं, औंदा सगळ्यात आधी." शालूबाईंनी ती मुठीत घट्ट धरली. सांगायचं तर आत्ताच, असं त्यांना वाटलं. ओठावर आलंही. पण बेबी पुढच्या टपरीवर पुंजारामसाठी कानटोपी बघायला निघून गेली होती, आणि त्यांची हिंमत झाली नाही.

पुंजाराम गेल्याच्या आठव्या दिवशी दोघी वाडीत पोचल्या. गाडीतून उतरताना बेबीच्या हातात कानटोपी होती. अंगणात आठ-दहा बाया बसल्या होत्या, कपाशीच्या भावाचं काहीतरी चाललं होतं. घोंगडीवर ऋषी बसलेला, डोकं भादरलेलं. बेबीनं त्याच्या डोक्याकडं पाहिलं, दाराशी लावलेल्या दिव्याकडं पाहिलं आणि जागच्या जागी बसली. भावकीतल्या सगळ्यात थोरल्या चतुराबाई जवळ येऊन म्हणाल्या, रड माय, रड. त्यांचे स्वतःचे डोळे कोरडे होते. घरानं आठ दिवसांत रडून घेतलं होतं. पहिल्या दिवसाचा तो हंबरडा आता कुणाच्या गळ्यात उरला नव्हता. बेबी रडली नाही. मान वळवून शालूबाईंकडं बघत राहिली.

"तुला ठाव होतं?"

शालूबाईंनी मान डोलावली.

"कवापासून?"

"व्हिएन्नापासून."

दहाव्याला शालूबाई गेल्या, तेराव्याला गेल्या. बेबीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, ऋषीनं तसं निक्षून सांगितलं होतं. बेबीनं त्या आपल्या हातानं उतरवून ठेवल्या. शालूबाई फोन करायच्या, आकांक्षा उचलायची आणि आत्याबाई झोपल्यात म्हणायची. दुपारी बारालाही झोपल्यात, सकाळी नऊलाही झोपल्यात. सून बिचारी काय करणार!

संक्रांत आली नि गेली. करीच्या दिवशी शालूबाईंनी सवयीनं चहाचं आधण ठेवलं. दुपारची गाडी आली, माणसं उतरली, पांगली. बेबी येणार नव्हतीच, हे काय त्यांना कळत नव्हतं? तरी त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मग गॅस बंद केला, पर्समध्ये घंटी आणि तिळगुळाची पुडी टाकली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा करीच्या दिवशी त्यांनी उलटी वाट धरली. बदनापूरहून जालना, जालन्याहून भोकरदन.

वाडीत शिरतानाच बारीक घंट्यांचा आवाज कानावर आला. अंगणात चार शेळ्या बांधलेल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात लाल फीत आणि प्रागची घंटी. ओसरीवर बेबी सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हात रिकामे, कपाळ रिकामं. तिनं वर पाहिलं नाही. शालूबाई पायरीवर बसल्या आणि घंटी तिच्यापुढं ठेवली.

"हे वाण."

"मला कशाचं वाण आता?"

"मला कशाचं होतं तीस वर्षं?"

बेबीचे हात थांबले. तिनं शालूबाईंचा मोबाईल मागितला. घड्याळाखालचा फोटो उघडायला लावला आणि डोळ्याजवळ धरून बघत राहिली. हा काढला तेव्हा त्यांची राख सावडून झाल्ती, म्हणाली. शालूबाई हो म्हणाल्या. आता कशाला खोटं बोलायचं?

"तुला वाटलं, सहा दिवस सुखाचे दिले मला."

"हो."

"अगं, मी घरी आले तर समद्यांचं रडून झाल्तं. ऋषीचं, सुनंचं, कचरूभाऊजींचं. चतुराबाई चहा घेती का म्हणून इचारत व्हत्या. माझ्यासंगं रडायला कुणी ऱ्हायलंच न्हाई गं. तिथं सांगितलं असतंस तर तू तरी व्हतीस."

फुटका चुडा शालूबाईंचा स्वतःचा होता, आणि त्याचं दुखणं त्यांनी हिच्या नावावर निकाली काढून टाकलं होतं, हिला न विचारता. शालूबाई एकटी कशी हिंडंल, असं म्हणून आपलं माणूस बरोबर पाठवणारा पुंजाराम त्यांच्या डोळ्यांपुढं आला.

"बेबे," त्या म्हणाल्या, "माझं अजून रडायचं राह्यलंय."

आणि कचेरीत जिच्या नजरेला भलेभले टरकायचे ती बाई ओसरीच्या पायरीवर मोठ्यानं हंबरडा फोडून रडायला लागली. शेळ्या बिचकल्या, घंट्या वाजल्या. बेबीनं सूप बाजूला सारलं, खाली पायरीवर सरकली आणि शालूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून, व्हिएन्नात रडायचं राहिलेलं रडू लागली. आवाजानं आकांक्षा बाहेर येत होती, चतुराबाईंनी तिला दारातूनच मागं ओढलं.

माफ केलं का, हे शालूबाईंनी विचारलं नाही आणि बेबीनं सांगितलं नाही. भोकरदनकडं जाणारी शेवटची जीप फाट्यावर हॉर्न देऊन निघून गेली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.