उस्तादांची पाठ

लॅपटॉप दुरुस्त होऊन पडद्यावर उजेड आला, की उस्ताद स्टुलावरून उठायचे आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. "आलं ना? आता हे तुमचं घर हाय. तुम्ही बघा, मी बघत न्हाई." त्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर होतं. गिऱ्हाईक आपल्या फायली, आपले फोटो उघडून बघेपर्यंत उस्ताद ते शिळं कॅलेंडर वाचत राहायचे. गिऱ्हाइकानं "झालं" म्हटलं की मगच वळायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याचं आडनाव तुम्ही कधी विचारलं नाही. नांदेडला जिन्याखालच्या त्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तो माझ्याच कर्तबगारीमुळं. लॅपटॉपवर ठळक लिहून आलं होतं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. मी शाळामास्तर. सूचना देतो, वाचत नाही. अपडेट अर्ध्यावर आलं आणि लाइट कमीजास्त व्हायला लागली. आमच्याकडं असं झालं की घरातला प्रत्येक माणूस फ्रिज वाचवायला मेन स्विचकडं धावतो. त्या दिवशी मी पहिला पोचलो. फ्रिज वाचला. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली होती, त्यामुळं तो जागीच गेला. पडदा काळा आणि आत पंख्याची नुसती घरघर.

"बंद पडायच्या आधी काय केलं?" उस्तादांनी विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच न करणारा माणूस माझ्याकडं येत न्हाई, सर. मेन पाडला का?"

मी फ्रिजची कथा सांगितली. ते हसले नाहीत. फ्रिज बरा आहे ना, एवढंच विचारलं.

मशीन जागं होताना काय काय करायचं ते नखाएवढ्या एका चिपमध्ये लिहिलेलं असतं, आणि मी नेमकं तेच अर्धवट पुसलं होतं. उस्तादांनी त्या चिपला वायरीचा चिमटा लावला आणि तिच्यातलं सगळं आधी स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

"अहो, ते तर बिघडलेलंच आहे. ते कशाला?"

"ह्या मशीनचा नंबर त्यातच हाय. तो दुसऱ्या कुठं मिळत न्हाई." मग एक बोट वर करून म्हणाले, "आधी कॉपी, मग कारागिरी."

चांगल्या मशीनच्या कॉप्याही ते साठवायचे; त्यातलीच एक चढवून त्यांनी माझं मशीन जागं केलं. बिलोलीपासून हिमायतनगरपर्यंतचे लॅपटॉप त्यांच्याकडं यायचे आणि प्रत्येक मॉडेलची एक कॉपी मागं ठेवून जायचे. त्या शेकडो कॉप्या उस्तादांच्या एका स्वस्तातल्या, पातळ लॅपटॉपात होत्या. खरं दुकान तेच. बाकी एक टेबल, एक स्टूल.

मग उस्तादांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मागं दोनच शब्द राहिले, हाव आणि न्हाई. घरात आई नव्हती, एकुलती लेक होती. बापाशेजारी बसून काम शिकलेली. तिनं दुकान उघडलं. मला म्हणाली, "सर, पप्पांच्या कॉप्या हायत तोवर मी दुकान चालवीन. त्या गेल्या तर नुसते कीबोर्ड पुसत बसावं लागंल."

त्यानंतर आठवड्याभरात त्या कॉप्यांवर मीच पाणी फिरवलं.

उस्तादांना बघायला घरी गेलो होतो. लेक आत चहा करत होती. खाटेजवळ कॉप्यांचा तो लॅपटॉप चालू होता आणि पडद्यावर विचारत होता, अपडेट करू का? उस्तादांची तेवढीच सेवा, म्हणून मी 'हो' दाबलं. थोड्या वेळानं ट्यूबलाइट फडफडली. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मी मेन स्विचकडं धावलो. खाटेवरून उस्ताद ओरडून राहिले होते, "न्हाई! न्हाई!" माणसाकडं दोनच शब्द उरलेले, त्यातला अगदी बरोबर शब्द ते ओरडत होते. आणि मला वाटलं, अंधाराला भ्याले. "घाबरू नका उस्ताद, मी आहे," असं म्हणून मी मेन पाडला. बॅटरी ह्या लॅपटॉपचीही मेलेलीच निघाली.

ती चहा घेऊन आली. काळा पडदा बघितला. "सर, काय केलं?"

"काहीच..." म्हणता म्हणता मी मेन स्विचकडं बोट दाखवलं.

तिनं कप खाली ठेवले. "ह्यातली डिस्क वेगळी निघत न्हाई, सर. बोर्डालाच हाय. चिप भरायची तर ह्याच मॉडेलची कॉपी पाहिजे." ती कॉपी कुठं होती, हे दोघांनाही माहीत होतं. त्याच लॅपटॉपात.

नशीब एवढंच, की लातूरला क्लासला ठेवलेल्या माझ्या भाचीला मी त्याच मॉडेलचा स्वस्तातला लॅपटॉप घेऊन दिला होता. दुसऱ्या दिवशी उस्तादांची लेक आणि मी एसटीनं लातूरला गेलो. तिच्या पिशवीत चिमटा, कॉपी उतरवून घ्यायला माझ्या मांडीवर उस्तादांनी जगवलेला माझा लॅपटॉप. भाचीनं गेटवरच विचारलं, "मामा, तुम्ही हात लावणार नाहीत ना?" मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना मनाई होती, हे त्या चिपचं भाग्य. मी गेटवर दोन तास बसलो. वॉचमननं माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "पोरीचा निकाल लागला का काय?"

"अजून न्हाई," मी म्हणालो.

परत आल्यावर खाटेशेजारीच लेकीनं मांडामांड केली. लातूरची कॉपी चढवणार, तेवढ्यात उस्तादांचा डावा हात हलला. एक बोट वर झालं.

"हाव पप्पा, आधी कॉपी." तिनं बिघडलेल्या चिपमधलं उतरवून घेतलं, त्यातला नंबर चांगल्या कॉपीत घातला आणि मग ती चढवली. बटण दाबलं. पडदा काळाच. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं. बराच वेळ पंखा घरघरत राहिला आणि मग उजेड आला.

"आलं पप्पा! सगळं हाय, सगळं!" तिनं पडदा त्यांच्यापुढं धरला.

उस्तादांनी लेकीकडं बघितलं. मग डाव्या हातानं खाटेची दांडी धरली आणि ओढत ओढत, मेलेली बाजू मागं फरफटत, ते भिंतीकडं वळले.

"पप्पा, तुमचंच हाय की हे. बघा ना."

"न्हाई," उस्ताद म्हणाले.

ती दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. मग लॅपटॉप तिनं आपल्या मांडीवर घेतला.

महिन्याभरात उस्ताद गेले.

परवा मी कीबोर्डवर चहा सांडला. दुकानात गेलो. तिनं बोर्ड पुसला, वाळवला, चालू केला. उजेड आला तशी ती उठली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कॅलेंडर अजून तेच आहे. माझं सगळं जागेवर आहे हे मला पहिल्या मिनिटातच दिसलं होतं. तरी "झालं" म्हणायला मी बराच वेळ लावला.