पाचच्या गाडीतला सेंड-ऑफ

आमच्या बॅचची सुनंदा आज सकाळी गेली. हार्ट अटॅक.
कॉलेजातही ती कायम सगळ्यांच्या आधी निघायची.

राळेगाव रोडवर फाट्याच्या आत तिचं गाव. यवतमाळला रोजचं अप-डाऊन. गॅदरिंग रंगात आलं की ही बॅग उचलून पाचच्या एसटीला पळणार. आम्ही तिला "पाचची गाडी" म्हणूनच चिडवायचो.

फायनल इयरचा सेंड-ऑफ तिच्यासाठी मुद्दाम लवकर ठेवला, तर प्रमुख पाहुणेच उशिरा आले. त्यात भाषण संपायचं नाव नाही.
सुनंदा उठली. ना समोसा, ना फोटो. डोळे भरलेले.

मागून गजू ओरडला, "थांब वं सुनंदे! तू नाई तं कायचा सेंड-ऑफ?"

आणि अख्खा वर्ग समोशांच्या टोपलीसकट एसटी स्टँडवर. पाहुणे माईकपाशी तसेच उभे!

गाडीत गाणी झाली, रडारड झाली, कंडक्टरनेही समोसा खाल्ला. फाट्यावर तिच्यासोबत आम्ही सगळेच उतरलो. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, पण ती दिसेनाशी होईपर्यंत कुणी हललं नाही.

ती वळून वळून ओरडत होती, "जा ना बे आता! कायले रडून राह्यले? मी मरून राह्यली का? परीक्षेले भेटतोच ना!"

पुढच्या बॅचनेही तेच केलं. मग त्यापुढच्या बॅचनेही. हळूहळू नियमच झाला: सेंड-ऑफ पाचच्या गाडीत, आणि जो आधी उतरेल तो दिसेनासा होईपर्यंत बाकीच्यांनी हलायचं नाही.

गेल्या वर्षी तिची अंकिता त्याच कॉलेजातून पास झाली. घरी येऊन आईलाच सांगत होती, ही परंपरा म्हणे जुन्या प्रिन्सिपलनी सुरू केली.
सुनंदा फोनवर हसून हसून बेजार. "मी काई बोलली नाई. म्हटलं, राहू दे त्याइच्याच नावावर."

आज अंकिताला जवळ घेऊन मी खरं काय ते सांगितलं.
रडता रडता हसली पोरगी. "मावशी, अन् मी तिलेच शिकवून राह्यलती!"

दुपारी मोक्षधामात आम्ही मैत्रिणीही गेलो. सगळं आटोपलं, लोक पांगले. मीही निघाले होते.
गजू हळूच म्हणाला, "थांबा बे. आपला नियम हाये."

थांबलो. बराच वेळ.

सुनंदे, आमच्यात आधी तूच उतरलीस.
आज आम्ही खूप रडलो गं, पण वळून ओरडायला तू नव्हतीस.
नीट जा, बाई.