बेकरीचं यीस्ट आणि आप्पांची नोकरी

"सही करा बेन, म्हणजे विषय संपला," जिग्नेशभाई म्हणाले. आमच्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलचे ते मॅनेजर. रिपोर्ट त्यांनी आधीच लिहून आणला होता: कॉटनच्या लॉटला डाग पडले, चूक रंगाच्या मास्टरची. खाली लॅब-इन्चार्ज म्हणून माझी सही हवी होती. सही झाली की भिलाआप्पा मास्टर घरी बसणार.

मी म्हटलं, तपासल्याशिवाय सही करत नाही.

आप्पा दारातच उभे होते. मूळचे धुळ्याकडचे, राहायला लिंबायतला. रंगाच्या मशिनवर उभा जन्म गेलेला माणूस. "ताई, मना काय गुन्हा शे?" एवढंच बोलले. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

आता भानगड काय ते सांगते. कापड पांढरं करायला पेरॉक्साइड वापरतात. ते कापडात उरलं तर पुढच्या रंगाची वाट लावतं. म्हणून रंगाच्या आधी 'किलर' टाकतात. नाव गुंडाचं, पण ते साधं एन्झाइम, कॅटलेज. पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. डाग बघूनच मला वाटलं, किलरने कामच केलेलं नाही. पण त्या लॉटला वापरलेला किलरचा ड्रम संपून भंगारात गेलेला. बाहेरच्या लॅबला पाठवणार काय, डोंबल?

मी किलरच्या टाकीपाशी गेले. मिलमध्ये सोडा, साबण, सगळं गरम पाण्यात कालवायची सवय. पण एन्झाइम फार गरम पाण्यात मरतं, म्हणून फक्त या टाकीला थंड पाण्याची लाइन होती, आणि तीच बंद. आप्पांना विचारलं. म्हणाले, मॅनेजरसाहेबांनीच बंद करवली, गरम पाण्याने बॅच लवकर निघते म्हणून.

एन्झाइम मोजायचं महागडं मशिन आमच्याकडे नाही. नसू दे. हेच कॅटलेज पावाच्या यीस्टमध्ये भरपूर असतं. बमरोलीच्या बेकरीतून पुडी आणली आणि मिलच्या मालकांना, शेठना, लॅबमध्ये बोलावलं.

"आ लॅब छे के बेकरी?" जिग्नेशभाई हसले. मी लक्षच दिलं नाही.

एका टेस्ट ट्यूबमध्ये साध्या पाण्यातलं यीस्ट. दुसरीत तेवढंच यीस्ट, पण टाकीच्या वाफाळत्या पाण्यात कालवून गार केलेलं. दोन्हींत भांड्याच्या साबणाचा थेंब आणि सारखंच पेरॉक्साइड. ऑक्सिजन सुटला की साबणाचा फेस चढतो. फेस जितका उंच, तितकं एन्झाइम कामाचं. मी बाजूला फूटपट्टी धरली. पहिल्या ट्यूबचा फेस तोंडापर्यंत चढून टेबलावर सांडला. दुसरीत काही हललंच नाही.

"शेठ, उकडलेला किलर कुणाला मारणार?"

"यीस्ट वेगळं, किलर वेगळा," जिग्नेशभाई म्हणाले.

"मग फोडा नवा ड्रम. इथेच करू."

शेठनी ड्रम फोडायला लावला. तेच झालं. त्यांनी गुजरातीत थंड पाणी कोणी बंद केलं ते विचारलं. जिग्नेशभाई मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.

रिपोर्ट मी नवा लिहिला. आप्पांनी स्वतः जाऊन थंड पाण्याचा वॉल्व्ह उघडला आणि मशिनवर परतले. जिग्नेशभाई आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत. मशिन नसलं तर फूटपट्टीने मोजावं, पण मोजावंच. यीस्टला पगार नसतो, त्यामुळे ते मॅनेजरला घाबरत नाही.