कडू अर्कानंतरचं बिस्किट

प्रयोगशाळेत त्यांना सगळेच मावशी म्हणत, त्यांच्याहून मोठ्या डॉक्टरबाईसुद्धा. मावशींच्या हवाली चाळीस पांढरे उंदीर होते, सगळे मधुमेहाचे. एका झाडाचा पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, त्याचा अर्क काढायचा आणि रोज सकाळी ड्रॉपरने वीस उंदरांना पाजायचा. उरलेल्या विसांना नुसतं पाणी. मग रक्तातली साखर कोणाची उतरते ते बघायचं.

घरी नवऱ्यालाही तोच आजार. दोन वर्षं गोळ्या चालू होत्या, पण साखर काही हलेना. "तुझे उंदीर बरे झाले की मला सांग," तो म्हणायचा.

सहा आठवड्यांनी मोजणी झाली. पाणीवाले होते तिथेच. अर्कवाल्यांची साखर उलट चढलेली! डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चार वर्षं त्यांनी या एका पाल्यावर घालवली होती.

"उद्या फाइल बंद करते," त्या म्हणाल्या. "पण मावशी, अर्क पिणारेच एवढे गुबगुबीत कसे झाले हो?"

मावशींच्या तोंडचं पाणीच पळालं. चुकीचा पिंजरा उघडला म्हणून आधीच्या बाईला एका दिवसात घरी पाठवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. गप्प बसलं तर नोकरी शाबूत राहणार होती. पण बिचाऱ्या पाल्याचा काय दोष?

"बाई, अर्क फार कडू आहे हो," त्या पुटपुटल्या. "तोंडं कशीतरीच करतात. म्हणून प्रत्येकाला वर बिस्किटाचा तुकडा द्यायचे मी. पाणीवाल्यांना कशाला लागतंय?"

डॉक्टरबाई आधी लालबुंद झाल्या, मग मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "नव्या उंदरांवर पुन्हा सहा आठवडे. आणि बिस्किट पर्समध्येसुद्धा आणायचं नाही!"

मावशींनी ते सहा आठवडे कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. अर्क पाजायचा आणि पाठ फिरवायची. उंदीर तोंड वाकडं करतोय हे न बघताही त्यांना कळायचं. पण साखर उतरली. फार नाही, तरी वीसच्या वीस उंदरांची उतरली. डॉक्टरबाईंनी मावशींना चक्क मिठी मारली.

त्या संध्याकाळी मावशी जवळजवळ उड्या मारतच घरी आल्या. जेवणं झाली. नवऱ्याने गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सवयीने हात पुढे केला. मावशींचा हातही सवयीने बिस्किटांच्या डब्याकडे गेला आणि तिथेच थबकला.

दोन वर्षं. रोज, न चुकता, दोन्ही वेळेला. त्यांना हसूही आलं आणि रडूही.

"अगं, काय झालं? दे की."

मावशींनी डबा उचलून शेजारणीकडे पोचवला आणि परत येऊन त्याच्यासमोर बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचेही सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून."