चालकाशी बोलू नये

"मीपण येतो की," सुधीर म्हणाला, "पण तीन दिवस तोंडाला कुलूप लावून बसणं मला जमायचं नाही." एवढं बोलून माझा नवरा फाटकाशी हसत उभा राहिला आणि मी पुण्याहून एकटीच गडचिरोलीला निघाले.

कुलपाचा खुलासा आधी करते. माझी गाडी दोन माणसांची, बिनटपाची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. विलायतेत ती बनली तीच शर्यतीसाठी. एका म्हाताऱ्या साहेबाच्या वखारीत कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या, तिथून मी ती आणली आणि दोन वर्षं खपून चालती केली. आपल्याकडे शर्यतीसाठी बांधलेले रस्ते नाहीत. जुन्या विमानपट्टीवर तेलाची रिकामी पिंपं मांडायची, त्यांना वळसे घालत गाड्या पळवायच्या, यालाच आम्ही ट्रॅक म्हणतो. बाई गाडी पळवते म्हणून लोक बघायला येतात. चालवताना मला इंजिन ऐकावं लागतं, कुठे काय खडखडतंय ते कळावं लागतं. त्यामुळे मी चालवत असताना शेजारच्याने अवाक्षर काढायचं नाही, असा आमच्या घरचा कायदा होता. सुधीरसारख्या बडबड्या माणसाला ही जन्मठेपच.

निघण्याचं कारण मामाजींचं पत्र. (तिकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई.) मामाजी एसटीचे ड्रायव्हर. तीस वर्षं नोकरी, एकही अपघात नाही. आमच्या लग्नाला पुण्याच्या विहारात आले तेव्हा घरी त्यांनी गाडीवरची ताडपत्री जराशी उचलली, बॉनेटवर हात ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "सूनबाई, हिले सील हाये काय?" त्यांच्या बसचा डिझेलपंप सील केलेला असायचा. पाय कितीही दाबा, ठरल्यापुढे गाडी पळायचीच नाही. मी म्हटलं, हिला सीलबिल काही नाही. त्यांनी ताडपत्री पुन्हा नीट घातली आणि चहाला आले.

आता दोन वर्षांनी पत्र आलं होतं. "महिन्याच्या आखरीले रिटायर होतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला. डाक्टर म्हणते, हा महिना चालवा, मंग स्टेअरिंगले हात लावाचा नाई. एक डाव बिना सीलाची गाडी चालवून पाहाची होती. जमत असन तं पाहाजो. नाई जमलं तरी काई नाई."

हे शेवटचं 'काई नाई' मला दोन दिवस झोपू देईना. चंद्रपूरच्या कोळसा खाणीतला एक ओळखीचा इंजिनिअर होता, त्याच्या मागे लागले. गावाबाहेरच्या विमानपट्टीवर रविवारी सकाळी आठ ते नऊ एवढा तास मिळाला. नवानंतर कुणा साहेबांचं विमान उतरणार होतं.

पहिले दोन दिवस सांगण्यासारखं काही घडलं नाही, धूळ सोडली तर. यवतमाळच्या पुढे मात्र पळस सुरू झाला. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, पानं झडलेली, आणि नजर जाईल तिथे ती केशरी फुलं. चंद्रपूर ओलांडून मूलच्या पुढे गेले आणि एका रपट्यावर (नाल्यावरचा बुटका पूल, पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं) गाडीचं पोट दगडावर टेकलं. मागची चाकं नुसती फिरू लागली. मी खाली उतरून कपाळाला हात लावला. तेवढ्यात सरपणाची मोळी घेतलेली एक बाई थांबली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"अवो बाई, हे गाडी अर्धीच काऊन हाये?"

"एवढीच आहे हो ती."

"असं काय! मले वाटलं, बाकीची मांगून येऊन राह्यली."

तिने मोळी टाकली आणि शेतातल्या तिघा बाप्यांना हाक मारली. चौघांनी मिळून माझी शर्यतीची गाडी पाळण्यासारखी उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली. मी आभार मानायला लागले तर बाई म्हणाली, "राहू द्या जी, लेकरावानी हलकी हाये." आणि मोळी डोक्यावर घेऊन चालू पडली.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षंच झाली होती. जिथे तिथे नवी कचेरी, नवी पाटी, आणि पाटीच्या मागे लगेच जंगल. मामाजींचं घर डेपोजवळ, दोन खोल्यांचं, कौलारू. दारात रांगोळी आणि ओट्यावर आत्याबाई, हात कमरेवर ठेवून.

"याच डब्यात बसून आली तू? तीन दिवस? देवळातला नंदी बरा, त्याले निदान डोक्यावर छप्पर असते."

जेवायला वाफाळता भात, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि झिंग्यांची (सुक्या, बारीक कोळंबीची) चटणी. ती इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि आत्याबाई पहिल्यांदा हसल्या. मी रविवारचा विषय काढला आणि ते हसू तिथेच थांबलं.

"तीस वर्सं वाट पाहाली मी या माणसाची," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "रोज गाडी धड आली, माणूस धड आला. आता चार दिवस राह्यले, अन् हे खूळ? म्हातारपणी शर्यत?"

मामाजी मान खाली घालून भात कालवत होते. "एकच डाव," ते ताटाला सांगितल्यासारखं म्हणाले.

"एकच डाव पडते माणूस."

हे सगळं माझ्यामुळे उभं राहिलं होतं. मामाजींना काही झालं तर मी या बाईच्या समोर कुठल्या तोंडाने उभी राहणार होते?

शुक्रवारी मामाजींची धानोऱ्याची फेरी होती. आत्याबाईंचं माहेर धानोऱ्याचं, त्या भावाला भेटायला निघाल्या आणि मीही लटकले. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. गडचिरोली सुटली तसं दोन्ही बाजूंनी जंगल जवळ आलं. मामाजी गाडी चालवतात म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. थांबा असो नसो, रस्त्याच्या कडेला हात दिसला की गाडी थांबलीच. आणि थांबायची ती अशी, की दार बरोबर त्या माणसाच्या नाकासमोर. कुणी मोहाच्या टोपल्या घेऊन चढलं, कुणी तापलेलं पोर कडेवर घेऊन. एका फाट्यावर कुणीच दिसत नव्हतं तरी ते थांबले. दोन मिनिटांनी झाडीतून एक म्हातारी धापा टाकत आली. कंडक्टर म्हणाला, "शुक्रवारी येतेच थे."

दीड तासात आत्याबाई नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, रविवारचा राग. उतरल्यावर मी विचारलंच.

"राग? राग घरी," त्या म्हणाल्या. "पाटी नाई पाहाली काय तू?"

पाटी कोण पाहत नाही? प्रत्येक एसटीत ड्रायव्हरच्या डोक्यावर असते. चालकाशी बोलू नये.

"लगन झाल्यापासून माहेरी याच गाडीनं जातो आम्ही. तीस वर्सं याच बाकावर बसली मी. कधी वाटे, पाहा किती पळस फुलला, सांगाव यायले. कधी भाऊ बिमार, मन घाबरं होये. पण नाई बोलली. ड्युटीवर माणूस आपला नसते बाई, त्या पन्नास जणांचा असते." मग जरा थांबून म्हणाल्या, "अन् घरी येते तवा इतके थकून येते, का मंग बोलाव वाटत नाई."

शनिवारी आत्याबाई सकाळच्या बसने चंद्रपूरला आपल्या बहिणीकडे पुढे गेल्या. "मी काई पाहाले नाई येऊन राह्यली," असं बजावून गेल्या. मागून मामाजी आणि मी गाडीने निघालो. मी चालवली, कारण रस्त्यावर त्यांनी स्टेअरिंगला हात लावायला साफ नकार दिला. रपट्यावर मात्र ते खाली उतरले, दगड पाहिले, आणि डावं-उजवं सांगत गाडी अलगद पार करवली. ही एवढी सोय मला येताना मिळाली असती तर!

रविवारी सकाळी आठला आम्ही पट्टीवर. जेमतेम मैलभर लांबीची ती पट्टी, कडेने पिवळं गवत, एक टिनाची शेड, आणि चौकीदार शेळ्या हाकलतोय. मी दोन्ही टोकांना पिंपं मांडली. आत्याबाई डबा घेऊन आल्या होत्याच. "चटणी विसरला असता तुमी," म्हणाल्या, आणि मधोमध कडेला असलेल्या एका पळसाखाली, गाडीकडे पाठ करून बसल्या.

मामाजी ड्युटीचा खाकी शर्ट इस्त्री करून घालून आले होते. मी त्यांना गिअर दाखवले. "हा काटा मैलांचा आहे मामाजी. साठ दिसले तर आपले शंभराच्या जवळपास धरा." त्यांनी मान हलवली. शेजारी बसून मी दोन फेऱ्या मारून घेतल्या. पाय हलका, हात शांत, डोळा अधू असला तरी नजर दूर. मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. वीस मिनिटं राहिली होती. मी उतरले, माझं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि पट्टा बांधला.

"जा मामाजी. आता कुठेही थांबायचं नाही."

"बिना थांब्याची," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

गाडी सुटली. दुसरा, तिसरा, चौथा. तो आवाज मी हजारदा ऐकलाय, पण लांब उभं राहून कधी नाही. दूरच्या पिंपाला वळसा घालून ते परत फिरले आणि आता खरी गाडी उघडली. मी घड्याळ हातात धरून ओरडत होते, "चला मामाजी, चला!"

आणि त्याच वेळी पळसाखालून आत्याबाई उठल्या. पदर खोचला, चार पावलं चालून पट्टीच्या कडेला आल्या आणि फाट्यावर उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या. हात वर केला.

"अहो नको!" मी किंचाळले. कसलं ऐकू जातंय तिथे!

ब्रेक लागले. चाकं कण्हली, रबराचा वास पार माझ्यापर्यंत आला. मला खरंच संताप आला. तीस वर्षांत एकदाच मिळालेली धाव, आणि या बाईंनी मोडली! मी त्यांच्याकडे धावत सुटले. जवळ गेले आणि पाहिलं, गाडीचं डावं दार बरोबर आत्याबाईंच्या समोर होतं. इंचाचा फरक नाही.

मामाजींनी हेल्मेट काढलं. बायकोला ते घरी 'सुधीरची माय' म्हणत, अगं-तुगं करत. आता म्हणाले, "कुठी जाचं हाये बाई?"

"जिथवर न्याल तिथवर न्या जी."

"बसा लवकर. टाइम झाला गाडीचा."

मी दार उघडलं. माझा संताप कुठे गेला कोण जाणे. आत्याबाई बसल्या, मी त्यांचा पट्टा बांधला. त्यांनी समोर डावीकडे-उजवीकडे नीट पाहून घेतलं आणि मला विचारलं, "इथी पाटी नाई ना?"

"नाही आत्याबाई. इथे पाटी नाही."

पहिली फेरी अगदी एसटीच्या चालीने झाली. दहा मिनिटं उरलेली, आणि गाडी डुलत डुलत चाललीय! दोन डोकी दिसत होती. एक समोर पाहणारं, दुसरं त्याच्याकडे वळलेलं, आणि त्या दुसऱ्याचे हात सारखे हलत होते. जंगलाकडे बोट, पळसाकडे बोट, एकदा तर मामाजींच्या खांद्यावर चापट. मग दूरच्या पिंपाशी आत्याबाईंनी हात पुढे फेकला, बैलाला हाकताना फेकतात तसा. गाडी गरजली. माझ्यासमोरून ते दोघं गेले तेव्हा मला फक्त हिरवं काहीतरी, मागे ताणलेला लुगड्याचा पदर आणि आत्याबाईंचा उघडा जबडा एवढंच दिसलं. त्या ओरडत नव्हत्या, बोलत होत्या.

अशा तीन फेऱ्या झाल्या. नवाला पाच कमी असताना चौकीदाराने लाल फडकं हलवलं.

"किती गेला काटा?" मी धापा टाकत विचारलं. "सत्तर? ऐंशी?"

मामाजींनी स्टेअरिंगवरचे हात काढले नव्हते. गाल ओले होते, वाऱ्याने असतील. "काटा नाई पाहाला, पोरी," ते म्हणाले. "ही बोलून राह्यली होती."

"काय बोलत होत्या एवढं?"

आत्याबाईंनी केस सारखे केले. "तीस वर्साचं होतं," त्या म्हणाल्या. "अर्धंच झालं. डबा काढ, भूक लागली."

परतीच्या वाटेवर मी पुष्कळ हिशोब मांडले. पट्टीची लांबी, माझ्या घड्याळातली सेकंदं, वेग काढता आला असता. वणीच्या पुढे तो नाद सोडला. जाताना तीन दिवस शेजारची जागा रिकामी होती, इंजिन स्वच्छ ऐकू येत होतं, आणि पळसाचं एवढं रान लागलं तरी ते सांगायला बाजूला कुणी नव्हतं. आमच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. अजून अठ्ठावीस वर्षं मी सुधीरला गप्प बसवणार होते की काय?

पुण्याला पोचले तेव्हा तो फाटकाशीच उभा होता. "बाबा किती जोरात गेले?" त्याने विचारलं.

मी इंजिन चालूच ठेवलं, वाकून डावं दार उघडलं.

"बस," मी म्हटलं. "आणि बोल."