रुमालाखालचा एफ कॉलम

कदम मॅडमनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांच्या बाजूनं जाल. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, ते सगळे गेले. माझी सूनसुद्धा.

मी शेळ्यांचा व्यापारी. गाव तामलवाडी. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं बाजारात शिकलो. गावोगावच्या शेळ्या पाळणाऱ्यांचा माल मोठ्या गिऱ्हाइकाला मिळवून द्यायचा, हे माझं काम. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. तीस वर्षांत माझ्या रुमालाखालचं कुणाला कळलं नाही. याचा मला लई गर्व होता.

कदम मॅडम पुण्याकडच्या एका मोठ्या फार्मच्या खरेदी मॅनेजर. त्यांना चाळीस उस्मानाबादी शेळ्या हव्या होत्या. मी माझ्या पद्धतीनं माहिती पाठवली: बावीस फोटो आणि नऊ मिनिटांचा एक व्हॉइस मेसेज. लगेच फोन आला.

"काका, 'ती काळी, अंगानं भरलेली, गुणाची' म्हणजे कोणती?"

"मॅडम, बघितल्यावर कळतंच की."

"काका, सगळ्याच काळ्या आहेत. मला एक्सेल शीट मेल करा. एका शेळीला एक ओळ."

माझी सून अर्चना पतपेढीत नोकरीला आहे. तिनं शिकवलं. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, दात, वेत, वजन आणि भाव असे पाच कॉलम. शेळीला आधार कार्ड नसतं, म्हणून दात बघून वय काढतात. वेत म्हणजे ती किती वेळा व्याली. कबूल करायला जड जातं, पण शीट कामाची निघाली. ज्याला दहा फोन लागले असते, ते एका नजरेत दिसत होतं.

इथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. मी सहावा कॉलम केला, एफ. त्यात प्रत्येक मालकाचा शेवटचा भाव लिहिला. ज्याच्या खाली तो शेळी सोडणार नाही, तो. हे भाव त्यांनी मला विश्वासानं, रुमालाखाली सांगितलेले.

"मामा, मेल करताना एफ काढून टाका," अर्चना म्हणाली. "तुमच्यासाठी वेगळी फाइल ठेवा."

"दोन-दोन फायली कोण सांभाळणार? इथं हाइड लिहिलंय की."

"हाइड केलेलं परत दिसतं, मामा."

"तुला बाजार कळत न्हाय."

बटण दाबलं. कॉलम गायब. मला वाटलं, हे बटण करणारा नक्की शेळ्यांच्या बाजारात वाढलेला असणार, त्यानं कंप्युटरला रुमाल दिलाय. वरच्या अक्षरांत ई नंतर थेट जी आला होता. म्हटलं, एवढं कोण बघतंय. पाठवून दिलं. "खूप स्पष्ट, धन्यवाद काका," असं उत्तर आलं. ते मी चौघांना वाचून दाखवलं.

पंधरा दिवसांनी मॅडम लॅपटॉप घेऊन आमच्या दारात आल्या. गल्लीतली सात-आठ माणसं तमाशा बघायला जमली. मी नवा रुमाल काढून ठेवला होता. मॅडमनी त्याच्याकडं बघितलंही नाही. एकेका बिल्ल्याचा नंबर वाचत त्या भाव सांगत गेल्या. पहिल्या शेळीला नेमका शेवटचा भाव. दुसरीला तोच प्रकार. पाचवीला मी मध्येच बोललो.

"मॅडम, जरा तरी ओढाताण करा."

"कशाला काका? दोघांचाही वेळ जातो."

दहाव्या शेळीला मी उठलो. आकडे कुणीतरी फोडले होते. आदल्या दिवशी मॅडम माकणीला धोंडिबा तात्यांच्या, यादीतल्याच, नऊ शेळ्या बघून आल्या होत्या. म्हणजे तात्याच. मी सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला.

"तात्या, मॅडमला भाव फोडलेत तुम्ही!"

"म्या? मला माझ्या नऊ शेरडांचा भाव ठावं. चाळीसांचा कसा सांगू?"

माझ्यापेक्षा शहाणा प्रश्न होता. मी ऐकला नाही. "यापुढं तुमचा माल माझ्याकडं नको," म्हणून फोन आपटला. वीस वर्षांचा संबंध एका मिनिटात तोडला.

मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "काका, हे तुम्हीच पाठवलंय."

एफ कॉलम समोर होता. त्यांनी म्हणे माझी यादी कॉपी करून स्वतःच्या फाइलमध्ये टाकली, तर लपवलेला कॉलमही बरोबर आला. त्याच कॉलममध्ये, चाळिसाव्या ओळीच्या खाली मी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती. मॅडमनी ती मोठ्यानं वाचली. "मॅडम नवीन. घाईत आहेत. दमवायचं."

मग म्हणाल्या, "नवीन नाही काका. सहा वर्षं झाली."

गल्ली हसली.

"दिसला होता तर आधी सांगायचं!" मी ओरडलो.

"रुमालाखाली माझ्या मनातला भाव तुम्हाला चुकून कळला असता, तर तुम्ही सांगितलं असतं?"

मी चहा सांगितला.

सौदा झाला. शेवटच्या भावाच्या खाली कुणाची शेळी गेली नाही, पण वर एकही गेली नाही. वर नेणं हेच माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी माकणीला गेलो. तात्या शेळ्यांना शेवरीचा पाला टाकत होते.

"तात्या, चूक माझी."

"बाबुराव, चोर म्हनताना गल्लीत म्हनलात. आता हितं कानात व्हय?"

मग त्यांच्याच अंगणातून, स्पीकरवर, कालच्या एकेका माणसाला फोन लावून मी सांगितलं की भाव मीच फोडले. तात्या पाला टाकत ऐकत होते. आठवा फोन झाल्यावर म्हणाले, "माल देतो. पर शेवटचा भाव आता तुमाला सांगनार न्हाय. तुमच्याकडं कंप्युटर हाय."

आता माझ्या दोन फायली असतात. जे दाखवायचं नाही ते पाठवायचंच नाही, हे शिकलो. मेल करण्याआधी ए, बी, सी बोटानं मोजतो.

पण माझा प्रश्न तसाच आहे. त्या पंधरा दिवसांत मॅडमचे मला चार मेल आले. एका शेळीचं वजन विचारलं, एका बिल्ल्याचा नंबर दुरुस्त करायला लावला. त्यातच एक ओळ जास्त का लिहिली नाही, की काका, तुमचा एफ कॉलम उघडा पडलाय? मॅडमनी याचं उत्तर द्यायला पाहिजे. मेलवर नको. बाजारात यावं, रुमालाखाली हात द्यावा आणि तिथं द्यावं.